बिनतारी हेडसेट मुका कां होतो?

‘बिनतारी’ हा शब्द मराठींत एके काळीं समुद्रावरील जहाजें, लष्कराच्या छावण्या आणि नभोवाणी केंद्रांचे उंच मनोरे यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें करीत असे. आज तोच शब्द शहरांतील घरोघरीं अभ्यासाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोंचला आहे. संगणकावर खेळणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यावर जो हेडसेट दिसतो तो म्हणजे एक लहानसें, पण सर्व बाजूंनीं पुरें असें बिनतारी केंद्रच होय. त्यांत लहरी ग्रहण करण्याची सोय आहे, तशी त्या सोडण्याचीहि आहे. कारण कानांवरील दोन ध्वनिवर्धकांबरोबर ओठांजवळ एक माइक असतो, आणि दूरच्या गांवीं बसलेल्या सवंगड्याशीं त्यांतून संभाषण चालूं असतें.

अशा खेळांत ध्वनि हा शोभेसाठीं जोडलेला नसतो. प्रतिपक्षाचीं पावलें डाव्या अंगाला वाजलीं कीं उजव्या, दार जवळचें उघडलें कीं दूरचें, यावर पुष्कळदां डाव ठरतो. त्यामुळें हेडसेट एकाएकीं मुका झाला किंवा आवाज तुटक येऊं लागला, कीं खेळणारा अस्वस्थ होतो. घरांत मग बहुधा ठरलेल्या गोष्टी घडतात. मुलगा आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवितो. वडील ‘वस्तूच खराब निघाली’ असा निकाल देतात. आणि कांहीं हजार रुपयांचें तें साधन कपाटांत तरी जाऊन पडतें, नाहीं तर दुरुस्तीच्या दुकानांत. वास्तविक अशा पुष्कळ तक्रारींत हेडसेट धडधाकट असतो. आवाजाला जी वाट चालावी लागते तिच्यावरील एकादें नाकें तेवढें बंद झालेलें असतें. वाट ठाऊक असली म्हणजे तें नाकें शोधून काढणें हें कोणाहि विचारी माणसाच्या आवांक्यांतील काम आहे.

ही वाट अशी. खेळाचा प्रोग्राम प्रथम ध्वनि तयार करतो, पण तो अंकांच्या स्वरूपांत. एका सेकंदाच्या आवाजाचे बहुधा ४८,००० नमुने असतात. हे अंक तो विंडोजसारख्या कार्यप्रणालीच्या हवालीं करतो. ते मॉनिटरच्या स्पीकरकडे धाडावयाचे, टेबलावरील स्पीकरकडे धाडावयाचे, कीं हेडसेटकडे, हें कार्यप्रणाली ठरविते. वाटेंत हेडसेटच्या कंपनीनें पुरविलेलें सहायक सॉफ्टवेअर बसलेलें असतें; जाड-बारीक स्वरांचें प्रमाण बदलणें, चोहोंकडून आवाज येत असल्याचा भास निर्माण करणें, हीं त्याचीं कामें. तेथून अंक डोंगलमध्यें जातात. डोंगल म्हणजे संगणकाच्या यूएसबी खांचेंत बसविलेला अंगठ्याएवढा प्रक्षेपक. तो त्या अंकांच्या बिनतारी लहरी करून हवेंत सोडतो. हेडसेटमधील ग्राहक त्या पकडतो, त्यांचा पुनः विद्युत्प्रवाह करतो, आणि त्या प्रवाहानें कानांवरील पडदे हलून आवाज उमटतो. माइकचा आवाज हीच वाट उलट दिशेनें चालतो.

टपालाच्या पत्रासारखाच हा प्रवास आहे. पत्ता चुकलेला असेल, थैली वाटेंत गहाळ झाली असेल, किंवा दाराला कुलूप असेल. पत्र पोहोंचलें नाहीं एवढ्यावरून, ज्याला तें यावयाचें होतें त्याला वाचतां येत नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. हेडसेटच्या बाबतींत मात्र नेमका हाच न्याय लावला जातो.

परीक्षेचा पहिला नियम असा, कीं वाटेचे दोन भाग पाडून कोणता भाग निर्दोष आहे तें आधीं ठरवावें. हेडसेट त्याच्या डोंगलसह दुसऱ्या एकाद्या संगणकाला लावून पहावा. तेथें तो नीट बोलला, तर दोष पहिल्या संगणकांत आहे, आणि हेडसेटला हात लावण्याचें कारण नाहीं. तेथेंहि तीच तक्रार राहिली, तर दोष डोंगल, हवा किंवा हेडसेट या तिघांत आहे. कित्येक हेडसेटांना ३.५ मिलिमीटरची साधी तार जोडण्याची सोय असते; तशी असल्यास तारेनें आवाज ऐकून पहावा. तारेनें आवाज येतो आणि लहरींनीं येत नाहीं, असें आढळलें तर कानांवरील पडदे शाबूत आहेत हें सिद्ध झालें. दुसरा नियम असा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहून मगच पुढें जावें. घाईघाईनें पांच गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कोणत्या उपायानें आला हें कळत नाहीं. महिन्यानें तीच अडचण पुनः उभी राहिली म्हणजे सर्व खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

आतां निरनिराळ्या लक्षणांचा विचार करावयाचा. आवाज मुळींच येत नसेल तेव्हां अगदीं साध्या गोष्टी प्रथम पहाव्या, कारण त्या चटकन तपासतां येतात. बॅटरी भरलेली आहे काय? हेडसेटवरील आवाजाचें चाक शून्यावर तर नाहीं? पुष्कळ हेडसेटांना डोंगल आणि ब्लूटूथ अशा दोन पद्धति असतात व त्यांची निवड एका लहान कळीनें होते. ती कळ चुकून सरकली असली तर डोंगल बिचारा हांका मारीत राहतो आणि हेडसेट दुसऱ्याच दिशेला कान देऊन बसतो. डोंगल आणि हेडसेट यांची परस्पर ओळख, जिला ‘पेअरिंग’ म्हणतात, ती कधीं कधीं पुसली जाते. ती पुनः करून देण्याची रीत प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकांत दिलेली असते.

या गोष्टी ठीक असल्या म्हणजे पत्त्याकडे वळावें. विंडोजमध्यें सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या क्रमानें गेल्यास आवाज कोणत्या साधनाकडे जात आहे तें दिसतें. नवा मॉनिटर जोडल्यावर किंवा ड्रायव्हरची नवी आवृत्ति बसल्यावर हा पत्ता आपोआप बदललेला आढळतो, आणि हेडसेटकडे यावयाचा आवाज ज्याला स्पीकरच नाहीं अशा मॉनिटरकडे जात राहतो. पत्ता बरोबर असूनहि एकाच खेळाचा आवाज येत नसेल तर तेथेंच असलेला व्हॉल्यूम मिक्सर उघडावा. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज व पत्ता त्यांत वेगळा मांडलेला असतो. शिवाय कित्येक खेळांच्या स्वतःच्या सेटिंगांतहि साधन निवडावें लागतें. कांहीं हेडसेट विंडोजला एका नांवानें न दिसतां ‘गेम’ आणि ‘चॅट’ अशा दोन नांवांनीं दिसतात, आणि त्यांचें प्रमाण हेडसेटवरील एका चाकानें कमीजास्त करतां येतें. हें चाक एका टोकाला गेलें तर फक्त सवंगड्यांचे शब्द ऐकूं येतात व खेळ मुका होतो. दुसऱ्या टोकाला गेलें तर उलट. अशा वेळीं चाक मध्यावर आणणें एवढाच उपाय असतो.

आवाज येतो पण तुटतो, मध्येंच टक् टक् होते, खोलीच्या एका कोपऱ्यांत बरा येतो व दुसऱ्यांत नाहींसा होतो, अशी तक्रार असेल तर संशय हवेवर घ्यावा. हे हेडसेट व डोंगल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलतात. म्हणजे २,४०० पासून २,४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी, ज्यांची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर भरते. रेडिओ ऐकण्यासाठींसुद्धां एके काळीं भारतांत परवाना काढावा लागे; पण या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या साधनांना २००५ सालच्या नियमांनीं परवान्यांतून मोकळें केलें. ही मोकळीक सर्वांनाच आहे, आणि म्हणूनच तेथें दाटी आहे. घरांतील वायफाय, ब्लूटूथचीं साधनें, बिनतारी माउस व कीबोर्ड हीं सर्व याच अरुंद गल्लींतून ये-जा करतात. वायफायच्या एकमेकांवर न चढणाऱ्या अशा तीनच वाटा या पट्ट्यांत मावतात, आणि मुंबई-पुण्याच्या एकाद्या सोसायटींत फोनवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांचीं दहा-पंधरा नांवें सहज दिसतात. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह ओव्हनहि २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. त्याच्या पेटींतून निसटणारा अत्यल्प अंशसुद्धां नाजूक ग्राहकाला त्रासदायक होऊं शकतो. म्हणून दूध तापत असतांनाच आवाज तुटतो असें आढळल्यास त्यांत चमत्कार नाहीं.

याहून जवळचा एक शत्रु आहे आणि तो सहसा लक्षांत येत नाहीं. संगणकाच्या वेगवान यूएसबी ३.० खांचांतून सेकंदाला ५ अब्ज या गतीनें विद्युत्संकेत धांवतात. त्यांच्यापासून नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या भागांत गोंगाट उत्पन्न होतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत मोजून दाखविलें होतें. डोंगल संगणकाच्या मागच्या बाजूला, अशाच खांचेंत, बाहेरच्या हार्ड डिस्कला खेटून बसविलेला असला तर त्याची स्थिति मंडईंत उभें राहून कुजबूज ऐकूं पाहणाऱ्या माणसासारखी होते. त्यांत संगणकाची लोखंडी पेटी मध्यें येते, आणि माणसाच्या शरीरांत पाण्याचा अंश पुष्कळ असल्यामुळें तेंहि या लहरी शोषून घेतें. यावरील उपाय थोड्या पैशांचा आहे. एक-दीड मीटर लांबीची यूएसबीची जोडतार घेऊन डोंगल टेबलावर, हेडसेटच्या नजरेसमोर, आणावा. संगणकाला इंटरनेट तारेनें द्यावें, किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावें, म्हणजे गल्लींतील एक मोठी गाडी तरी दूर होते.

या दाटींतून वाट काढण्याची ब्लूटूथची युक्ति मोठी चतुर आहे. ब्लूटूथ एका जागीं बोलत नाहीं. सेकंदाला १,६०० वेळां तें आपली लहर बदलतें, आणि आवाजासाठीं आजवर जी पद्धति रूढ आहे तींत ७९ वाटांवर उड्या मारीत जातें. २००३ सालच्या आवृत्तीपासून, ज्या वाटांवर गोंगाट आहे त्या टाळण्याचेंहि ज्ञान त्याला देण्यांत आलें. लहर बदलत बोलण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. चित्रपटांतील नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनीं पाणतीराचें नियंत्रण शत्रूला बिघडवितां येऊं नये म्हणून अशा योजनेचें अमेरिकन पेटंट ऑगस्ट १९४२ मध्यें मिळविलें होतें, आणि त्यांत ८८ लहरींचा उल्लेख होता. पियानोच्या पट्ट्याहि तितक्याच असतात.

ब्लूटूथची एक खोड मात्र खेळणाऱ्याला हटकून चकविते. संगीत सुरेल चाललेलें असतें. पण सवंगड्याशीं बोलण्यासाठीं माइक चालूं करतांच सर्व आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा कोंदट होतो. हेडसेट फुटला असें वाटतें. पण तसें कांहींहि झालेलें नसतें. प्रचलित ब्लूटूथमध्यें आवाजाच्या दोन निराळ्या पद्धति आहेत. एक पद्धति फक्त ऐकण्याची. तींत डावा व उजवा असे दोन स्वच्छ प्रवाह येतात, पण माइकला जागा नाहीं. दुसरी पद्धति टेलिफोनच्या संभाषणासाठीं बेतलेली. तींत माइक आहे, पण त्याच्या मोबदल्यांत येणारा आवाज एकेरी होतो आणि सेकंदाला ४८,००० नमुन्यांऐवजीं ८,००० किंवा फार तर १६,००० नमुन्यांवर उतरतो. बारीक स्वर त्यांतून गळून पडतात, आणि डावें-उजवें हा भेदच नष्ट झाल्यामुळें पावलें कोठून आलीं तें कळेनासें होतें. विंडोज १० मध्यें या दोन पद्धति दोन वेगळ्या नांवांनीं दिसत. विंडोज ११ मध्यें एकच नांव दिसतें आणि बदल मुकाट्यानें होतो, त्यामुळें गोंधळ अधिकच वाढतो.

याला तीन उपाय आहेत. हेडसेटबरोबर डोंगल मिळाला असेल तर खेळतांना ब्लूटूथ सोडून त्याचाच उपयोग करावा. तो नेमका या अडचणीसाठींच दिलेला असतो. डोंगल नसेल तर संभाषणाच्या प्रोग्राममध्यें हेडसेटच्या माइकऐवजीं लॅपटॉपचा किंवा टेबलावरील स्वतंत्र माइक निवडावा, म्हणजे हेडसेट ऐकण्याच्या पद्धतींतच राहतो. तिसरा उपाय नव्या साधनांचा: २०२० सालीं जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतींत ही जुनी अडचण दूर करण्याची तरतूद आहे, परंतु ती संगणक व हेडसेट या दोघांनाहि अवगत असली पाहिजे. डोंगल पसंत करण्याचें दुसरें कारण विलंबाचें आहे. साध्या ब्लूटूथमध्यें चित्र दिसल्यावर आवाज कानीं पडेपर्यंत सेकंदाचा पांचवा हिस्सासुद्धां जाऊं शकतो. गाणें ऐकणाऱ्याला त्याचें कांहींच नाहीं, पण खेळणाऱ्याचा तेवढ्यांत डाव जातो. खेळाचीं स्वतंत्र यंत्रें असणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्लेस्टेशन ५ हें यंत्र साधा ब्लूटूथ हेडसेट थेट स्वीकारीत नाहीं, आणि एक्सबॉक्सची बिनतारी पद्धति तर स्वतःची वेगळी आहे. तेव्हां एकावर चालणारा हेडसेट दुसऱ्यावर मुका राहिला तर तो दोष समजूं नये; खरेदीच्या आधींच खोक्यावरील मजकूर वाचावा.

आतां उलट तक्रार: ऐकूं सर्व येतें, पण आपला शब्द सवंगड्यांपर्यंत पोहोंचत नाहीं. येथेंहि क्रम तोच. माइकची दांडी वर उचलली कीं तो बंद व्हावा अशी कांहीं हेडसेटांत योजना असते; म्हणून दांडी खालीं आहे ना, आणि बंद करण्याची कळ दाबलेली नाहीं ना, हें पहावें. त्यानंतर विंडोजच्या गोपनीयतेच्या सेटिंगांत जाऊन प्रोग्रामांना माइक वापरण्याची मुभा आहे कीं नाहीं तें तपासावें. ती बंद असल्यास हेडसेट कितीहि उत्तम असला तरी त्याचा उपयोग नाहीं. शेवटीं डिस्कॉर्डसारख्या संभाषणाच्या प्रोग्राममध्यें योग्य माइक निवडलेला आहे काय, आणि बोलतांना एकादी कळ दाबून धरण्याची अट घातलेली आहे काय, हें पहावें. शब्द पोहोंचतात पण अर्धेमुर्धे कापले जातात, अशी स्थिति असेल तर गोंगाट गाळण्याची योजना दोन ठिकाणीं, म्हणजे सहायक सॉफ्टवेअरमध्यें व संभाषणाच्या प्रोग्राममध्यें, एकाच वेळीं चालूं असण्याचा संभव असतो. त्यांतील एक बंद करावी.

एक तक्रार अशी आहे, कीं तिचें कारण ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. सवंगडी बोलूं लागला कीं खेळाचा आवाज आपोआप खालीं जातो. ही विंडोजची जुनी सौजन्याची रीत आहे: संभाषण सुरू झालें असें दिसतांच ती इतर आवाज मूळ सेटिंगप्रमाणें ८० टक्क्यांनीं कमी करते. साउंडच्या जुन्या पद्धतीच्या खिडकींत ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर जाऊन ‘कांहीं करूं नये’ या अर्थाचा पर्याय निवडला म्हणजे ही तक्रार मिटते.

यानंतर येतें सहायक सॉफ्टवेअर. लॉजिटेकचें जी हब, रेझरचें सिनॅप्स, कॉर्सेअरचें आयक्यू, स्टीलसिरीजचें जीजी, हीं त्यांपैकीं प्रसिद्ध नांवें. यांच्यासंबंधीं एक मूलभूत गोष्ट समजून घेणें अवश्य आहे. यूएसबी डोंगलचे बहुतेक हेडसेट अशा सॉफ्टवेअरवांचूनहि साधें ध्वनिसाधन म्हणून चालतात, कारण त्यासाठीं लागणारा सामान्य ड्रायव्हर विंडोजमध्येंच असतो. सॉफ्टवेअर हा त्यांवरील साज आहे. यांतूनच एक निर्णायक परीक्षा मिळते: सॉफ्टवेअर संपूर्ण बंद करून आवाज ऐकावा. तो स्वच्छ आला तर दोष सॉफ्टवेअरचा. नाहीं तर शोध अन्यत्र करावा. मात्र ‘बंद करणें’ याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. खिडकीच्या कोपऱ्यांतील फुली दाबल्यानें तें बहुधा बंद होत नाहीं. घड्याळाजवळच्या चिन्हांत दडून चालूंच राहतें. तेथून, किंवा टास्क मॅनेजरमधून, त्याला खरोखर निरोप द्यावा लागतो.

आवाज पोकळ, विहिरींतून आल्यासारखा वाटत असेल तर चोहोंकडून आवाजाचा भास देणारी योजना दोनदां लागलेली असण्याचा फार संभव. एक खेळाची किंवा विंडोजची, दुसरी सहायक सॉफ्टवेअरची. एकाच कापडाला दोनदां रंग दिल्यासारखा हा प्रकार आहे. दोहोंपैकीं एकच ठेवावी. सॉफ्टवेअर हेडसेटला ओळखतच नसेल, किंवा उघडतांना त्याचें चक्र नुसतें फिरतच राहत असेल, तर पुढील क्रम हितकर ठरतो. प्रथम संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. नुसता बंद करून पुनः लावणें हें त्याच्या बरोबरीचें नाहीं. कारण झटपट सुरू होण्याच्या सोयीसाठीं विंडोज बंद होतांना आपली कांहीं स्थिति जपून ठेवते, आणि तिच्याबरोबर बिघाडहि जपला जातो. नंतर डोंगल हबमधून काढून थेट संगणकाच्या दुसऱ्या खांचेंत लावावा. तरीहि गुण न आला तर सॉफ्टवेअर काढून टाकावें, संगणक रीस्टार्ट करावा, आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच नवी प्रत बसवावी. त्यापूर्वीं आपल्या आवडीचीं सेटिंगें कागदावर टिपून ठेवावीं. तीं सर्वच हेडसेटच्या स्मृतींत राहतात असें नाहीं. ड्रायव्हर फुकट मिळवून देण्याचें आमिष दाखविणाऱ्या परक्या ठिकाणांकडे मात्र चुकूनहि वळूं नये. तेथें ड्रायव्हरच्या नांवाखालीं भलतेंच कांहीं संगणकांत शिरण्याचें भय असतें, आणि ज्या संगणकावर मुलगा खेळतो त्यावरच पुष्कळ घरीं बँकेचे व्यवहारहि चालतात.

हेडसेटच्या आंतहि एक लहानसा प्रोग्राम कायमचा लिहिलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. डोंगलचें फर्मवेअर वेगळें आणि हेडसेटचें वेगळें. एकाचें नवें व दुसऱ्याचें जुनें राहिलें तर दोघांचें जमेनासें होऊं शकतें. तें बदलण्याचें काम सॉफ्टवेअर करतें, पण त्या वेळीं सावधगिरी हवी. बॅटरी चांगली भरलेली असावी, हेडसेट तारेनें संगणकाला जोडावा, आणि काम संपेपर्यंत कांहींहि काढूं नये. पावसाळ्यांत जेथें वीज वारंवार जाते तेथें आकाशाचा रंग पाहूनच हें काम हातीं घ्यावें. कारण अर्ध्यावर तुटलेलें फर्मवेअर हें, धडधाकट हेडसेटला खरोखर निकामी करूं शकणाऱ्या थोड्या गोष्टींपैकीं एक आहे. येथें आणखी एक फसगत होते. चार्जिंगची प्रत्येक तार माहिती वाहून नेत नाहीं. कित्येक स्वस्त तारा केवळ वीजच नेतात. अशा तारेनें हेडसेट जोडला तर तो चार्ज होतो, पण सॉफ्टवेअरला दिसत नाहीं.

ठराविक वेळानें संबंध तुटत असेल तर काटकसरीकडे पहावें. कांहीं मिनिटें शांतता राहिल्यास हेडसेट बॅटरी वांचविण्यासाठीं स्वतः झोपीं जातो, आणि विंडोजहि यूएसबी खांचांची वीज मधून मधून कमी करते. दोन्ही सवयी सेटिंगमधून बंद करतां येतात.

एवढें करूनहि सुधारणा झाली नाहीं, म्हणजे मगच यंत्राला दोष द्यावा. एकच कान मुका असेल, तर डाव्या-उजव्या आवाजाचा तोल विंडोजमध्यें बिघडलेला नाहीं ना हें पाहून, मग कमानीच्या सांध्यापाशीं आंतली तार तुटल्याचा संशय घ्यावा. कमान हलविल्यावर आवाज येत-जात असेल तर तो संशय पक्का होतो. पूर्वीं दिवसभर पुरणारी बॅटरी आतां तासाभरांत संपत असेल, तर ती वयोमानानें थकली आहे. लिथियमच्या बॅटऱ्या कांहीं शें वेळां भरल्यावर हळूहळू क्षीण होतातच, आणि उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत ठेवल्यास अधिक लवकर. हमीची मुदत शिल्लक असेल तर पावती व केलेल्या परीक्षांची टिपणें घेऊन विक्रेत्याकडे जावें. ‘दोन संगणकांवर पाहिलें, तारेनें पाहिलें, सॉफ्टवेअर काढून पाहिलें’ असें सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘सेटिंग तपासा’ एवढें सांगून वाटेला लावणें सोपें जात नाहीं.

शेवटची गोष्ट कानांची, आणि तीच सर्वांत मोलाची. आवाज क्षीण झाला कीं तो वाढविण्याकडे हात आपोआप जातो. विंडोजमध्यें वाढविला, खेळांत वाढविला, सॉफ्टवेअरमध्यें वाढविला, हेडसेटच्या चाकावर वाढविला. आणि इतक्यांत मूळचा अडथळा अचानक दूर झाला, तर चारही वाढी एकदम कानाच्या पडद्यावर येऊन आदळतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं ठरविलेल्या मानकाप्रमाणें प्रौढ माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज दर ३ डेसिबलनें वाढला कीं कानावर पडणारी शक्ति दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढाच्या बाबतींत ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, आणि ८९ ला अवघे ५ तास. आंतल्या कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं मनुष्याच्या शरीरांत त्या पुनः उगवत नाहींत; त्यांच्यासाठीं दुसरें सॉफ्टवेअर नाहीं व दुसरी बॅटरीहि नाहीं. म्हणून दोष शोधण्यास आरंभ करण्यापूर्वीं हेडसेट कानांवरून उतरवावा, सर्व ठिकाणचा आवाज खालीं आणावा, आणि आवाज परत आल्यावरच तो बेताबेतानें चढवावा. मुलांना ही एक संवय लागली, तर हेडसेट कितीहि वेळां मुका झाला तरी तो ऐकणारे कान शाबूत राहतील.